क्लबच्या मैदानावरचं सारवण

आमच्या गोल्फ क्लबच्या इतिहासाची पुस्तिका नुकतीच निघाली. साहेब गेल्यावर बंद पडायला आलेला क्लब तेव्हाच्या मानद चिटणीसांच्या, म्हणजे माझ्या, 'खास मिश्रणा'ने वाचला, असं तीत छापलं आहे. ते मिश्रण शेणाचं होतं आणि माझं नव्हतं.

ठाकुर्लीच्या पुढे माळावर आमचं मैदान. गोल्फमध्ये चेंडू शेवटी ज्या भोकात ढकलायचा, त्याच्याभोवती गुळगुळीत हिरवळ लागते. माळावर दिवाळी सरली की गवत जळे, म्हणून साहेब तिथे रेती पसरून वर तेल शिंपडत. आम्ही वकील-डॉक्टर मंडळी मालक झालो आणि तेल मिळेनासं झालं. धूळ इतकी की चेंडू वीतभर जाऊन रुतून बसे. अशात मुंबईचा एक बडा क्लब सामन्याला यायचा होता. त्यांनी नाक मुरडलं तर क्लबला कुलूप लावायचं, असं समितीने ठरवूनच टाकलं होतं.

घरी मी रोज हेच रडगाणं गात होतो. बायको म्हणाली, "अहो, खळं करतात तसं करा की. चोपायचं आणि सारवायचं." मी हसलो. ती शेजारच्या गावातल्या दोघी बायकांना घेऊन थेट मैदानावर गेली. सामन्याच्या दिवशी सगळं वाळून खडखडीत. चेंडू असा घरंगळत गेला की पाहुण्यांचे कप्तान गुडघ्यावर बसून जमिनीवरून हात फिरवू लागले. मग त्यांनी बोटं हुंगली.

चहाच्या वेळी त्यांनी विचारलं, हे कसलं मिश्रण? टायकोटातल्या माणसासमोर शेण म्हणायची मला लाज वाटली. म्हणालो, "माझाच एक प्रयोग आहे." बायको दोन खुर्च्या सोडून भजी खात होती.

पुढच्या शनिवारी तिने माझ्या हातात बादली दिली. "प्रयोग तुमचा ना, मग सारवा तुम्हीच."

त्यानंतर दर हिवाळ्यात मी कोपरापर्यंत हात भरून सारवत राहिलो. सभासद म्हणत, चिटणीस असावा तर असा. ती कमरेवर हात ठेवून कडेला उभी राही आणि कुठे पोपडा आलाय, कुठे राहिलंय, ते दाखवी. लोकांना वाटे, बाई नवऱ्याचं कौतुक बघायला आल्यात. तोही समज मी कधी दूर केला नाही.