बुढीची पाळ

मालगुजारीच्या काळातली गोष्ट. चिचगडच्या वाटेवर माझ्या बंडीवाल्याने तलावाच्या पाळीशी बैल थांबवले, वहाणा काढल्या आणि ओंजळभर माती पाळीवर टाकली.

"हे कायले?" मी विचारलं.

"बुढीची पाळ हाय हे. पुरात फुटली, तं एक बुढी भगदाडात आडवी झाली. गाव वाचलं. तवापासून जाणारा माणूस माती टाकते."

"कोणाच्या घरची होती?"

"गावाचा मालक, मालगुजार, म्हणे, 'माही आजी होती.' पाळीले तिचं नाव देऊन पाह्यलं त्यानं. कोणी घेतलं नाही." त्याने मान ताठ केली. "एका घरची असती, तं एका घरानंच माती टाकली असती."

पाळ आमच्या डोक्याहून कितीतरी उंच होती. मी खाली उतरलो आणि ओंजळ भरली.