फौजींची खाजेविरुद्धची मोहीम

"हात खाली!"

कुपवाडच्या आमच्या छोट्या कारखान्यात गेटवरून ही आरोळी आली, की समजावं, कोणीतरी खाजवताना सापडलं. मी तिथे स्टोअर सांभाळते. गेट सांभाळायला होते सैन्यातून निवृत्त झालेले, इस्लामपूरकडचे, घरचा ऊस असलेले एक गृहस्थ. सगळे त्यांना फौजीच म्हणत. त्यांच्या खिशात पेन कधीच नसायचं. सहीसाठी पेन हवं असलं की ते माणसाला माझ्याकडे पाठवत. खिशात असे ती खाजेवरच्या जेलची ट्यूब, आणि ती मात्र मागायच्या आत हजर.

"गोळीबारात मला झोप लागायची ताई," ते मला सांगत. "पर आसामात डासांनी जे केलं, ते मी दुश्मनाला बी सांगणार न्हाई. तिथल्या डाक्टरनं ही दावली. तवापासनं हिला सोडली न्हाई."

ट्यूबवरचं बारीक अक्षर ते चष्मा कपाळावर चढवून वाचत. "अँटी-हिस्टामीन. अँटी म्हंजे विरोधी. रणगाड्याला कसं अँटी-टँक आसतंय? तसं खाजेला हे."

तुम्ही म्हणाल, असा माणूस दिसेल त्याला जेल फासत सुटत असेल. तसं मुळीच नव्हतं. ते फार कडक होते. "वाटाण्याएवढं घ्या. चपातीला तूप लावाय बसलाय काय?" हे वाक्य कारखान्यातल्या प्रत्येकाने ऐकलं आहे. जखमेवर लावायचं नाही, डोळ्यांजवळ न्यायचं नाही, अंगभर तर नाहीच. एकदा कॅन्टीनवाल्याने दाढ दुखते म्हणून ट्यूब मागितली. फौजींनी त्याच्याकडे असं पाहिलं, की दाढ दुखायचीच थांबली, असं तो आजही सांगतो.

गेटपाशी शेवग्याचं झाड आहे. त्यावर केसाळ सुरवंट होतात. एका सकाळी मालक गाडीतून उतरले आणि एक सुरवंट बरोब्बर त्यांच्या मानेवर पडला. त्यांनी तो झटकला आणि मान खसाखसा खाजवायला घेतली.

"हात खाली!"

मालकांनी हात खाली केले. आयुष्यात पहिल्यांदाच केले असावेत. फौजींनी चिकटपट्टीने मानेत रुतलेले केस उपटले, साबणाने मान धुतली आणि वाटाण्याएवढं जेल लावलं. मालक गेटवर तसेच उभे, आत येणारे कामगार दोघांनाही नमस्कार करत होते.

"आता काय करू?" मालकांनी विचारलं.

"आता कामाला लागा," फौजी म्हणाले.

पण त्यांची खरी लढाई मी पाहिली ती त्यांच्या मुलीच्या लग्नात. लग्न सांगलीतच, एका कार्यालयात होतं. सकाळी आधी नवरदेवाला हळद लागली, मग त्याची उष्टी हळद इकडे आली. मेकअप बिघडेल म्हणून नवरीने नखभर लावून घेतली. उरलेली सगळी मेहुण्यांनी फौजींच्या पाठीला आणि दंडांना चोपडली.

मुहूर्ताला थोडा वेळ राहिला असताना नवरदेव खाजवू लागला. आधी मनगट, मग मान, मग दोन्ही हातांनी गळा. फेटा तिरका झाला. बायकांत कुजबुज सुरू झाली. नवरीची आत्या तर मोठ्यानेच म्हणाली, "कातडीचा रोग हाय. लपवलाय आपल्यापासनं."

ते नवरदेवाच्या आईने ऐकलं. "रोग? आमच्या पोराला? आवं, तुमच्या कार्यालयाच्या गाद्यांत ढेकणं हायती, त्ये बघा आधी! चला रं, गाड्या काढा."

माणसं खरोखरच उठली. नवरी आतल्या खोलीच्या दारात येऊन उभी राहिली. तिचा चेहरा मला पाहवेना.

फौजी स्टेजवर चढले. त्यांनी जावयाचे दोन्ही हात धरून खाली केले आणि शेरवानीची बाही वर सारली. मनगटापासून कोपरापर्यंत लालभडक, कोपराच्या वर स्वच्छ.

"हळद कुठवर लावली हुती?"

"इथंवरच," नवरदेवाने कोपर दाखवलं.

मग त्यांनी गळ्याची बटणं सोडली. मान लाल, कॉलरच्या आत काहीच नाही.

"आक्का, बघा," ते बहिणीला म्हणाले. "जितं हळद, तितंच खाज. रोगाला कॉलर कळत न्हाई." आणि विहीणबाईंकडे वळून, "ताई, ढेकूण बी न्हाईत. हळदीत कसला तरी रंग हाय. हळदीच्या सांगलीत राहून आपण खोटी हळद आणली, ह्यात दोन्ही घरांची अब्रू जातीया. गाड्या राहू द्या."

 विहीणबाई स्वतःच साबण शोधायला धावल्या. नवरदेवाची मान आणि हात धुऊन झाले, जेल लागलं. ट्यूब पिळून पिळून रिकामी झाली. "आता सावधान!" फौजींनी हुकूम दिला, आणि भटजींनीही त्याच क्षणी शुभमंगल सावधान सुरू केलं. नवरदेव सगळ्या मंगलाष्टका होईपर्यंत लोखंडी खांबासारखा उभा राहिला. फोटो फार रुबाबदार आले.

पाठवणीच्या वेळी फौजी दारात ताठ उभे होते. दात आवळलेले, डोळ्यांतून धारा. बघणाऱ्या बायका आणखीच रडल्या.

चार दिवसांनी मी त्यांच्या त्या रडण्याचा विषय काढला, तर ते आजूबाजूला बघत हळूच म्हणाले, "कुणाला सांगू नका ताई. ती हळद माझ्या बी पाठीला हुती. आन् ट्यूब संपल्याली." मग शेवग्याकडे बघत पुढे म्हणाले, "तसं समदंच काय खाजेमुळं न्हवतं म्हणा."

पुढे मुलगी-जावई पुण्याला गेले आणि नात झाली. तिला सांभाळायला फौजींनी नोकरी सोडली. निघताना जावयाची गाडी गेटवर थांबवून ते मला भेटायला उतरले. नात कडेवर होती. तिने आजोबांची मिशी मुठीत घट्ट धरली होती आणि डोळे मिटायच्या बेतात होती. जावई हॉर्न वाजवत होता.

मी पुढे झाले, तसे ते मिशी हलू न देता, ओठांच्या एका कोपऱ्यातून कुजबुजले, "थांबा ताई. झोपतीया."

मग आम्ही दोघंही उन्हात तशीच उभी राहिलो.