मावशींचा फ्लेक्स

फ्लेक्सच्या दुकानातली कात्रणं रोज झाडून टाकता येतात, किस्से मात्र साठतच जातात राव! कासारवाडीत माझं छोटंसं दुकान आहे. मी आणि डिझायनर संतोष, बस्स. आमच्या भागात शब्द चालतो तो भाऊंचा. कंपन्यांचं स्क्रॅप कुणी उचलायचं, कामगार कुणी पुरवायचे, सगळं तेच ठरवतात. त्यामुळे वाढदिवस त्यांचा आणि घाम आमचा!

*

एका वाढदिवसाला भाऊ आत होते. म्हणजे तुरुंगात. त्यांचा माणूस बापू फोटो घेऊन आला, तोही पोलिसांनी काढलेला. छातीशी नंबरची पाटी! संतोषनं कॉम्प्युटरवर पाटी पुसली आणि हातात गुच्छ दिला.

बापू खूश. "भाऊ कसलं भारी दिसत्यात!"

*

भाऊ सुटले, ते तडीपार झाले. जिल्ह्यात पाय ठेवायला बंदी. त्याच आठवड्यात फ्लेक्सची ऑर्डर आली, 'सदैव आपल्या सोबत'.

संतोष लातूरचा. हळूच म्हणाला, "खाली बारक्या अक्षरात 'जिल्ह्याच्या भायेरून' टाकू का?"

*

महापालिकेची निवडणूक लागली. जागा महिलांसाठी राखीव, म्हणून भाऊंनी वहिनींना उभं केलं. फ्लेक्सवर भाऊ डोक्यापासून गुडघ्यापर्यंत आणि वहिनी कोपऱ्यात, पासपोर्ट साइज.

"बापू, उमेदवार कोण आहे?"

"वहिनी!"

"मग फोटो?"

"लोकांनी वळखायला नको व्हय?"

*

एक हवालदार 'निर्भयपणे मतदान करा' हा बॅनर छापायला आले. मशिनवर भाऊ निघत होते. बापूनं उठून हवालदारांना जागा दिली. "आधी सायबांचं कर. आपलं थांबंल."

हवालदार त्याला "थँक यू" म्हणाले! मला हसू आलं नाही. रिटायरमेंटला टेकलेला माणूस, त्यालाही याच भागात राहायचंय.

*

बाकीच्या उमेदवारांनी 'घरगुती कारणा'नं अर्ज मागे घेतले. सगळ्यांच्या घरी एकाच दिवशी कारण निघालं! उरल्या फक्त शेजारच्या पोळीभाजी केंद्राच्या मावशी. त्यांचा फ्लेक्स दिघीपासून पिंपळे गुरवपर्यंत कुणी छापेना. शेवटी माझ्याकडे आल्या. मी रोज त्यांच्या हातचं जेवतो, नाही कसं म्हणू? आणि हो तरी कसं म्हणू? दुकान पेटवायला एक काडी पुरते. डिझाइन तयार होतं, पण मी भ्यालो होतो. रोज सांगायचो, मशिन बंद आहे.

"आवाज तर येऊ लागलाय की रे बाबा," मावशी म्हणायच्या.

प्रचार संपत आला होता. एका दुपारी रिक्षातून वहिनी उतरल्या. एकट्याच, बापू नाही की गाडी नाही. स्वतःच्या फ्लेक्सकडे त्यांनी बघितलंही नाही.

"मावशींचा झाला का?"

"वहिनी, मशिन जरा..."

मशिनवर भाऊ निघत होते. वहिनींनी एकदा तिकडे बघितलं.

"छापा. मोठा छापा. आणि फोटो त्यांचा एकटीचाच टाका."

"आणि भाऊंनी विचारलं तर?"

रिक्षात बसता बसता त्या म्हणाल्या, "सांगा, उमेदवारानं सांगितलंय!"