उचललेल्या पायावरचे सहा किलो

दिनांक १२ मार्च १९८४ रोजी आमच्या कारखान्यात एक लाख शहाऐंशी हजार चारशे पन्नास रुपयांचा संगणक आला. त्याचा धनादेश मी लिहिला, विमा मी उतरवला, आणि धूळ बसू नये म्हणून माझ्या पत्नीने, सुनीतीने, त्याला कापडी खोळ शिवून दिली. कर्जतकडच्या चौक गावाजवळचा हा वजनकाट्यांचा कारखाना. मी हिशेब विभागाचा प्रमुख. संगणक पगारपत्रकासाठी घेतलेला, म्हणजे तो माझाच, असे मी धरून चाललो होतो. दीड महिन्यात तो श्रीपत भालेरावचा झाला.

श्रीपत ड्रॉइंगच्या टेबलावर काम करायचा. मूळचा कशेळ्याचा. वडिलांनी छप्पन्न साली दीक्षा घेतली आणि त्याच वर्षी मुलाला शाळेत घातले. मॅट्रिक, मग ड्राफ्ट्समनचा कोर्स, मग आमच्याकडे अकरा वर्षे. शर्टाच्या खिशात कायम तीन पेन्सिली. संगणकाबरोबर आलेले इंग्रजी पुस्तक मी सही करून कपाटात ठेवले होते. ते त्याने मागून नेले आणि शब्दकोश शेजारी ठेवून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचले. मी बी. कॉम. आहे, इंग्रजीत मला पासष्ट गुण होते. माझे वाचन चौथ्या पानावर थांबले होते.

मग एक दिवस त्याने शेठना, म्हणजे कारखान्याच्या मालकांना, सांगितले की आपण चार पायांवर चालणारे यंत्र करू. ओझे वाहणारे.

"चाकाची गाडी कर ना," शेठ म्हणाले.

"कशेळ्याच्या वर डोंगरातल्या वाड्यांवर रेशनचा काटा डोक्यावरनं नेतात, शेठ. चाक तिथं जात नाय. बैल जातो."

शेठना नव्या गोष्टींचा शौक होता. त्यांनी मुंबईच्या दोन इंजिनिअरांना ऑक्टोबरात यायला सांगितले. त्यांच्यासमोर यंत्र दहा पावले चालले, तर श्रीपत ड्रॉइंग विभागाचा प्रमुख होणार आणि त्याला दोन खोल्यांचे क्वार्टर मिळणार, असे सगळ्यांसमोर ठरले. तोवर तो, त्याची बायको मालनबाई आणि दोन मुली चौक गावात एका खोलीत राहत होते.

यंत्र लोखंडात करण्याआधी ते पडद्यावर चालवून बघायचे, ही त्याची रीत. पडद्यावर एक आडवी रेघ आणि तिला चार उभ्या रेघा, एवढेच ते जनावर. कोणता पाय कधी उचलायचा, वजन कुठे झुकवायचे, हे आकड्यांत भरायचे आणि बटण दाबायचे. रेघा हलायच्या, तोल गेला की आडव्या व्हायच्या. पडले तरी खर्च नाही. जेवणाच्या सुट्टीत निम्मा कारखाना तिथे गोळा व्हायचा. "पडला रं पडला!" म्हणून ओरडा व्हायचा. सदू शिपाई मला चहा आणायचा तो थंड झालेला, कारण आधी तो पडद्यापाशी उभा राहायचा.

बैल खरा कसा चालतो हे मोजायला श्रीपतने चार काटे टेंपोत घालून कशेळ्याला नेले. काटे माझ्या जबाबदारीचे, म्हणून मीही गेलो. त्याचा चुलतभाऊ पांडू बैल धरून उभा होता. चार खुरांखाली चार काटे.

"बैल काय पायापायानं विकायचाय का रं?" पांडूने विचारले.

"गप ऱ्हा. त्याला हळूच पुढं घे."

बैलाने पुढचा उजवा पाय उचलला. पण उचलण्याआधीच त्या काट्यावरचा आकडा उतरू लागला आणि बाकीच्या तिन्हींवरचा चढला. आधी अंग काढून घेतले, मग पाय उचलला. श्रीपत चिखलात उकिडवा बसून आकडे सांगत होता, मी लिहून घेत होतो. मलाही गंमत वाटली, हे कबूल करतो. परतताना त्याने विचारले, "भाऊसाहेब, एवढे आकडे बरोबर हायेत हे तुमी कसं वळखता?"

"बेरीज जुळली की झाले," मी म्हणालो.

हे अर्धेच होते. तेरीज, म्हणजे जमा-नावेची बेरीज, जुळली तरी आत चूक राहू शकते, हे कॉमर्सच्या पहिल्या वर्षी शिकवतात. ते मी सांगितले नाही. त्या वेळी केवळ कंटाळा म्हणून.

पुढे घरी सुनीती म्हणाली, "तुमच्या त्या भालेरावांना एकदा जेवायला बोलवा ना. केवढी हुशारी!" माझ्याबद्दल हा शब्द तिने कधी वापरल्याचे मला आठवत नाही. मी विषय बदलला. माझ्या मत्सरात जातीचा अंश नव्हता, असे लिहिले तर ते खोटे होईल. आमच्या घराण्यातल्या तीन पिढ्या कर्जतमध्ये लिहिण्यावाचण्यावर जगल्या, आणि हा माणूस माझ्यासमोर माझ्याच संगणकावर बसला होता.

मी मला जमेल ते केले. छपाईचा कागद सहीशिवाय द्यायचा नाही, असा नियम काढला. जास्तीच्या कागदाचे सतरा रुपये चाळीस पैसे श्रीपतच्या पगारातून कापले. छापलेला प्रत्येक कागद आधी माझ्याकडे आणायचा, असेही सांगितले. तो मुकाट्याने आणायचा.

२६ सप्टेंबरला शेवटचा तक्ता आला. एका ओळीत एक क्षण. चार रकाने चार पायांचे, पाचवा बेरजेचा. उचललेल्या पायाच्या रकान्यात ताऱ्याची खूण. यंत्राचे वजन चौसष्ट किलो. प्रत्येक ओळीची बेरीज चौसष्ट. मी वाया गेलेला कागद शोधत होतो. पण सवयीने नजर रकान्यांवरून उतरत गेली आणि दोनशे बाराव्या ओळीवर थांबली. मागच्या उजव्या पायाला तारा होता, आणि त्याच्यापुढे सहा किलो. पाय हवेत आणि त्याच्यावर वजन! बंद केलेल्या खात्यावर शिल्लक दिसावी तसे. त्या एका पायाच्या वजनाच्या गणितात 'उचलला' हे सांगायचेच राहिले होते. म्हणून पडद्यावरचे जनावर हवेतल्या पायावर रेलून उभे होते, आणि बेरीज मात्र बिनचूक.

"जुळली ना बेरीज?" श्रीपतने हसून विचारले. "आता ह्याच्यावरनं चकत्या कापायला टाकतो. त्या फिरतील तसं पाय उचलतील. एकदा कापल्या की बदल नाय."

"जुळली," मी म्हणालो. सही केली, तारीख घातली.

तेरा दिवस मला सांगता आले असते. त्यात मी रोज कारखान्यात होतो.

९ ऑक्टोबरला पाहुणे आले. मालनबाई मुलींना नवे फ्रॉक घालून फाटकाशी उभी होती. यंत्राने पहिले पाऊल टाकले, दुसरे टाकले, टाळ्या झाल्या. तिसऱ्याला मागचा उजवा पाय उचलला आणि सगळे चौसष्ट किलो त्याच कुशीवर कोसळले. पाय मुडपला. पाहुण्यांपैकी एकजण शेठना म्हणाला, "पगारपत्रकच बरे." सगळे हसले. मी हसलो नाही. पण आत कुठेतरी सैल वाटले, आणि लगेच मालनबाईकडे बघवेना.

दुसऱ्या दिवशी मी त्याच्या टेबलाशी गेलो. आत्ताच लक्षात आल्यासारखे म्हणालो, "श्रीपत, ती दोनशे बारावी ओळ एकदा बघ."

त्याने खणातून तक्ता काढून माझ्यापुढे ठेवला. "कालच बघितली, भाऊसाहेब. तुमच्या पेन्सिलीचा ठिपका हाय ना त्या ओळीपुढं."

चूक दिसली की ठिपका द्यायचा, ही माझी एकतीस वर्षांची सवय. हात आपोआप देऊन गेला होता. खाली माझी सही आणि २६ सप्टेंबर.

"मला वाटलं, तपासताना टेकली असंल पेन्सिल," तो म्हणाला. मग तक्ता घडी घालून खणात ठेवला. शेठना त्याने तो कधी दाखवला नाही. मी वाट बघत होतो.

ड्रॉइंगचा विभागप्रमुख बाहेरून आणला गेला. श्रीपतने डिसेंबरात भंगारातल्या पत्र्यातून नव्या चकत्या कापल्या. एका रविवारी कारखान्याच्या मागच्या अंगणात यंत्र चौदा पावले चालले, पाठीवर रेशनचा काटा घेऊन. बघायला सदू, मालनबाई आणि मुली होत्या. मी खिडकीतून बघितले. मुंबईचे पाहुणे पुन्हा आले नाहीत. यंत्र आता भांडारात आहे. मालमत्तेच्या यादीत त्याची किंमत एक रुपया धरली आहे, ती मीच लिहिली.

श्रीपत अजून त्याच टेबलावर आणि त्याच खोलीत आहे. मला भेटला की उठून उभा राहतो. मी पुढच्या मार्चअखेर निवृत्त होतो. कागदाचे कापलेले सतरा रुपये चाळीस पैसे मी त्याला अजून परत दिलेले नाहीत.