तक्त्यावरचे दोन आकाराम

"आवं काका, तुमचा ऊस उभा हाय हे ठावं हाय मला. पर कारखान्याच्या वेबपानावर तुटला म्हणून पडलंय."

फोनवर संयोगिता होती, आणि पलीकडं मळ्यातला आकाराम तापला होता. अकराला साखर कारखान्यातनं तोडीची यादी ऊसतोड टोळ्यांना जायची. तुटल्याचा शेरा पडला की यादीतनं नाव गळायचं. नाव नसलं की टोळी पुढच्या शिवारात, आणि परत फिरायला महिना. आकारामच्या उसाला तुरा आलेला. महिन्यात वजन वाळून जाणार. साडेदहा वाजलेले.

संयोगिता उंब्रजच्या नाथाजी फौजीची लेक. सोप्यात पेंडीच्या पोत्यांशेजारी तिचा लॅपटॉप. कारखान्याचं हे पान तिनंच बांधलेलं, जेक्वेरी नावाच्या जुन्या कोड-लायब्ररीवर. तक्त्यात शेतकऱ्याच्या ओळीतलं 'तोड झाली' बटण दाबलं की त्याचा शेरा बदलायचा. तो शेरा शोधताना तिनं सगळ्या पानात नाव आणि आडनाव धुंडाळलेलं. इथंच फसली. आमच्याकडं आज्याचं नाव नातवाला. एका भावकीत तेच नाव दोन घरांत निघतं. वेशीजवळच्या आकारामचा ऊस काल तुटला, त्याचं बटण दाबलं, आणि मळ्यातल्याचाही शेरा फिरला.

"चुलत भाऊ हाय त्यो माझा, पोरी. ऊस आमचा एक न्हाई."

तिनं नाव सोडलं. बटणापासनंच वर निघायचं ठरवलं. चाचणीच्या प्रतीत आधी पेरेंट लावलं, म्हणजे एकच पायरी वर. ते बटणाच्या चौकटीतच अडकलं. शेरा शेजारच्या चौकटीत, काहीच हललं नाही. मग पेरेंट्स, म्हणजे वरच्या सगळ्या पायऱ्या. ते चढत पार तक्त्याच्या वर गेलं, आणि त्या प्रतीत सगळ्या गावाचा ऊस एका दमात तुटला. पावणेअकरा. नाथाजी दारात उभं राहून घड्याळ बघत होते.

तिनं क्लोजेस्ट, म्हणजे सगळ्यात जवळचं, असं लिहिलं आणि पुढं थांबायची जागा म्हणून तक्त्याची ओळ सांगितली. वर जायचं, पहिली ओळ लागली की तिथंच थांबायचं, आणि तिच्याच पोटात शेरा शोधायचा. वेशीच्या आकारामचं बटण दाबलं. त्याचाच फिरला. मळ्यातला जागचा हलला नाही. तिनं खऱ्या पानावर बदल चढवला, चुकलेला शेरा पुसला. अकराला चार मिनिटं कमी होती.

"बघा आता, काका."

"आलं नाव." आकाराम म्हणाला. "नातवाचं नाव मातूर दुसरं ठिवतो."

संयोगिता हसली नाही. ट्रॅक्टरच्या खेपांच्या पानावरही तिनं नावानंच शोधलं होतं. तिनं ते उघडलं आणि पहिलं बटण दुरुस्त करायला घेतलं.