ट्रॉलीच्या चाकाखालचा गोटा

ट्रॅक्टरले ट्रॉली जोडाची तं दोन माणसं लागतात. एक ट्रॅक्टर मागं घेते, दुसरं मधात उभं राहून ट्रॉलीची दांडी धरते अन् भोकावर भोक आलं की लोखंडाची पिन टाकते. मधात उभं राहू नका, हे ट्रॅक्टर इकणाऱ्यानं मले पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. मी हो म्हटलं. मोर्शीकडं असं ऐकते कोण? आमच्याकडं मी ट्रॅक्टर मागं घेत होतो अन् बायको पिन टाकत होती.

आमच्या संत्र्याच्या बगीच्यात ट्रॉली उतारावर उभी राहते. चाकाखाली लावाले एक चांगला चौकोनी गोटा होता. तोडा सुरू झाला त्या सकाळी मायनं पूजेसाठी नेमका तोच उचलला. पहिल्या झाडाखाली मांडला, शेंदूर लावला, नारळ फोडलं. आता देवाले चाकाखाली कसं घालाचं? ट्रॉली सोडताना बायकोनं इचारलं, "अवो, दुसरा गोटा पाहून आणू का?" व्यापाऱ्याचा फोनवर फोन येऊन राहिला होता. माझं डोकं तापलेलं. म्हटलं, "गोटे कायले हुडकत बसतं आता? ते अर्धी वीट लाव."

तिनं वीट लावली. दुपारपर्यंत ट्रॉली संत्र्याच्या कॅरेटनं गच्च भरली. मंग ती मधात उभी राहिली अन् मी ट्रॅक्टर मागं घेतला. "येऊ द्या, येऊ द्या," ती म्हणून राहिली होती. ट्रॅक्टर दांडीले टेकला, तशी वीट फुटली अन् ट्रॉली पुढं सरकली. ती ओरडली नाई. मले वाटलं, पिन बसली. मी आरामात खाली उतरलो.

दांडीत चेंगरलेली तिची दोन बोटं अमरावतीच्या दवाखान्यात वाचली, पण त्यायच्यात जीव नाई. चूक माझी होती. मले तेव्हा रडू आलं नाई, आताबी येत नाई. याची लाज वाटते, तेबी कधीकधीच.

आता मी एकटाच ट्रॉली जोडतो. चाकांले दोन्हीकडून गोटे, दांडीखाली जॅक, ट्रॅक्टर बंद, ब्रेक ओढलेला, मंगच खाली उतरून पिन. लय वेळ लागते. लागू दे.

सकाळी ती चुलीवर भाकरी टाकते. तव्यावरची भाकर त्याच दोन बोटायनं उलटते. एकदा म्हटलं, "अवं, पोळंन ना."

"नाई ना," ती म्हणे, "काईच समजत नाई. सोयीचं झालं." अन् भाकर माझ्या ताटात टाकली.