अण्णांच्या गाडीतला कुबट वास

किस्से काही कुणी ठरवून जमवत नाही. आमच्या बनारसच्या ब्रह्माघाटावर तर ते आपोआप साठतात. गल्ल्या इतक्या अरुंद, की एका घरातलं बोलणं दुसऱ्या घरात चहाबरोबर पोचतं! त्यातून माझ्या चुलतभावाने, म्हणजे अण्णांनी, सेकंडहँड गाडी घेतली. गाडी घाटापर्यंत येणं शक्यच नाही, ती राहते मैदागिनच्या पार्किंगमध्ये. घरी येतात ते तिचे किस्से.

अण्णा याज्ञिक. यजमानांच्या पूजा सांगण्यात उभा जन्म गेला. गाडी घेतली ती मात्र वहिनींसाठी. वहिनींचे गुडघे धरलेले, बस-रेल्वेची चढउतार जमत नाही, आणि प्रयागला राहणारी थोरली बहीण आता थकलेली. तिला एकदा भेटायचं, एवढंच त्यांच्या मनात.

अण्णांच्या दोन-चार बाहेरगावच्या पूजा गाडीने झाल्यावर एक दिवस वहिनी ऐटीत पुढे बसल्या. अण्णांनी एसी लावला. वहिनींनी पदर नाकाला लावला.

"अहो, ओला पंचा कोंबून ठेवलाय का कुठे?"

"जुनी गाडी आहे गं, थोडा वास येणारच."

"मग तो गेला की मला बोलवा!" असं म्हणून वहिनी उतरल्या आणि ई-रिक्षात जाऊन बसल्या.

*

अण्णांचा पहिला उपाय धुपाचा. काचा बंद, एसी चालू आणि आत निखाऱ्यांचं धुपाटणं! "कोपरा न् कोपरा शुद्ध होईल बघ," असं मला सांगून ते बाहेर जप करत उभे राहिले. बघता बघता आत धूर दाटला. पार्किंगवाला बोंब मारत धावत आला, "अरे गुरु, गाडी जरत बा!"

अण्णा "अरे रुको, रुको" म्हणेपर्यंत त्याने दार उघडून अख्खी बादली आत ओतली. धूप विझला, सीट भिजल्या, आणि दुसऱ्या दिवशी वास दुप्पट झाला.

*

मग पंचगव्य. ऐन ज्येष्ठ महिना! गोमूत्र, शेण, दूध, दही, तूप, सगळं कालवून अण्णांनी दर्भाने गाडीभर शिंपडलं. एसीच्या जाळीवर जरा जास्तच.

मी बँकेतून परस्पर तिथे पोचलो होतो. म्हटलं, "अण्णा, या उन्हात दूध-दही नासेल हो!"

"पंचगव्य नासतं असं कुठल्याही शास्त्रात लिहिलेलं नाही!"

आता बनारसचं ऊन काही शास्त्र वाचून पडत नाही. तीन-चार दिवसांत शेजारच्या माणसाने आपली गाडी उचलून पार दुसऱ्या टोकाला नेऊन लावली.

*

शेवटी मीच त्यांना ओढत मिस्त्रीकडे नेलं. मिस्त्रीने एसीचा फिल्टर बाहेर काढला. काळाकुट्ट, ओला, आणि त्यात अक्षता, तुळशीची पानं, दर्भाचे तुकडे!

"पंडितजी, इसमें खेती करते हैं क्या?"

मग एकेक बाहेर आलं. बाहेरगावी स्नान करून पूजा सांगितली, की परतीच्या वाटेवर अण्णा ओलं सोवळं एसीच्या जाळीवर वाळत घालायचे! वर मलाच म्हणतात, "अरे, घरी सतरा जण शिवतात. गाडीत कोण शिवतंय?"

पाण्याची नळी तुंबलेली होती, ती मिस्त्रीने मोकळी केली. आतलं सगळं धुतलं, नवा फिल्टर बसवला. "पोचायच्या जरा आधी एसी बंद करा आणि नुसता पंखा चालू ठेवा, म्हणजे आत ओल राहणार नाही," असंही बजावलं.

*

हे मात्र अण्णांनी अगदी व्रतासारखं धरलं. पार्किंगमध्ये पोचले तरी उतरत नाहीत. पंखा सुरू, हातात माळ, घामाने निथळताहेत!

पार्किंगवाला विचारतो, "गुरु, उतरब ना?"

"रुको भई, सूख रही है!"

आम्हा दोघांच्या नाकाला वास गेल्यासारखा वाटत होता. पण वहिनींना "चल" म्हणायचा धीर काही अण्णांना होईना. "पुन्हा उतरली तर?" म्हणायचे. त्यांचं ते रोजचं घामाघूम बसणं मी वहिनींच्या कानावर घातलं.

*

आणि गेल्या रविवारी वहिनी आपण होऊन म्हणाल्या, "अहो, आज जाऊ या का ताईकडे?"

अण्णांची नुसती धांदल उडाली! वहिनी पुढे बसल्या, मी मागे. हायवे लागला, एसी सुरू झाला. अण्णांचं निम्मं लक्ष रस्त्यावर आणि निम्मं वहिनींच्या नाकावर.

"काय गं? कसं वाटतंय?"

"छान! वासाचं नावसुद्धा नाही हो."

अण्णांचे डोळे भरून आले. मलाही अगदी भरून पावल्यासारखं झालं. वाटेत एका दुकानापाशी ताईंसाठी मिठाई घ्यायला अण्णा उड्या मारतच उतरले.

त्यांचं दार लागलं मात्र, वहिनी गर्रकन मागे वळल्या.

"भावजी, हे यायच्या आत पटकन सांगा, वास येतोय का हो? माझं परवापासून नाक बंद आहे!"